हिरडी खोटं बोलत न्हाय

कसबा बावड्यात बयाबाईच्या दारात पोटुशी बाई आली की बयाबाई तिला बस म्हणत नसे, पाणी विचारत नसे, कुठल्या घरची हेही विचारत नसे. "दात दाव," एवढंच म्हणायची. बाई लाजून तोंडाला पदर लावायची, बरोबर आलेली सासू गोंधळायची, आणि बयाबाई त्या पोरीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड दाराकडच्या उजेडात फिरवायची. वरचा ओठ अंगठ्यानं वर करायचा, खालचा खाली ओढायचा आणि हिरड्या न्याहाळायच्या. पोटाला हात लावायचा तो त्यानंतर. गल्लीतले टवाळ म्हणायचे, ही सुईण आहे का बैलबाजारातली दलाल? बयाबाईच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, "बैलाचं दात बघून वय कळतंय. बाईचं दात बघून ती बाळंतपणातनं उठंल का न्हाय ते कळतंय." टवाळांच्याही घरात लेकीसुना होत्या.

ती मूळची शिरोळकडची. लग्न होऊन बावड्यात आली आणि चोविसाव्या वर्षी नवरा विषमज्वरात गेला. मागं राहिला चार वर्षांचा सयाजी आणि नदीकाठची वीस गुंठे जमीन. चुलत सासू धोंडुबाई सुईण होती. म्हातारीला दिसायचं कमी, पण जीभ कोयत्यासारखी. तिनं या विधवा पोरीला हाताशी धरलं आणि बाळंतपणाला बरोबर न्यायला लागली. तिची शिकवण फार नव्हती. "पोट फसवतंय," ती म्हणायची, "बाई फसवती, आणि सासू तर हमखास फसवती. आमची सून चार भाकरी खाती म्हनंल, आन् सून अर्ध्या भाकरीवर उठत असंल. तू इचारूच नगंस. हिरडी बघ. हिरडी खोटं बोलत न्हाय." या शिकवणीला तिनं एकच शेपूट जोडलं होतं. "मिसरी लावनारीची हिरडी मातूर बघू नगंस. त्यो रंग वरचा. तिची जीभ उलटी कर आन् खालनं बघ."

मिसरी बावड्यात घरोघरी होती. निपाणीची तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि ती पूड तळहातावर घेऊन बोटानं दातांना लावत बसायचं. पहिल्या बाळंतपणात ओकाऱ्या थांबाव्या म्हणून सासूच सुनेला चिमूटभर द्यायची, आणि पुढं ती चिमूट सुनेला सरणापर्यंत सुटायची नाही. बयाबाई स्वतः लावत नसे. तिला वासानं मळमळायचं. पण ते वाईट आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि वाटावं असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

वीस वर्षांत बयाबाईनं इतकी तोंडं पाहिली की तोंड उघडताच तिला माणसाच्या घरातलं चूल-भाणं दिसायला लागलं. घट्ट, गुलाबी हिरडी म्हणजे पोरगी पोटभर खाते. फिकी, धुतल्या फडक्यासारखी हिरडी म्हणजे अंगात रक्त नाही, हिला आत्तापासून गूळ-शेंगा, पालेभाजी, नाचणी चालू करा, नाही तर माझ्याकडं आणू नका. सुजून दातांवर चढलेली हिरडी, तोंडाला घाण वास, म्हणजे आत कुठंतरी काहीतरी नासतंय. सासवांना ती तोंडावर सांगायची, "तुमची सून उपाशी हाय." सासवा चिडायच्या, शिव्या द्यायच्या आणि घरी जाऊन सुनेच्या ताटात एक भाकरी जास्त वाढायच्या. अशा जास्तीच्या भाकरीनं बावड्यात किती पोरी जगल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

तिचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते गणपतराव नावाच्या पाहुण्यामुळं. हा गृहस्थ बायकोला दाखवायला वडणग्याहून आला होता. वय चाळीसच्या आत, अंगानं धडधाकट. बायकोचं तपासणं होईपर्यंत कट्ट्यावर बसून पेरू खात होता, पण पुढच्या दातांनी चावा घेत नव्हता. चाकूनं फोडी करून दाढेखाली सरकवत होता, आणि तेवढ्या वेळात तीन तांबे पाणी प्याला. बयाबाईनं बायकोला सोडलं आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"पावणं, तोंड उघडा."

"मला काय झालंय?" गणपतराव हसला.

"उघडा की."

त्याचे पुढचे चार दात हलत होते. कीड कशालाही नव्हती, दात पांढरेशुभ्र होते, पण हिरड्या त्यांना सोडून खाली उतरल्या होत्या आणि दाबलं की पू यायचा. बयाबाई म्हणाली, "तुमच्या बायकूला काय धाड भरल्याली न्हाय. तुमीच उद्याच्याला गावात, कोल्हापुरात जाऊन डाक्टरला दाखवा. दात चांगलं हाईत, खालची जमीन खचाय लागलीया. अंगात कायतरी मोठं हाय." गणपतराव चेष्टा करत गेला, पण बायकोनं त्याची पाठ सोडली नाही. कोल्हापुरात डॉक्टरनं लघवी तपासली तर भरमसाट साखर निघाली. महिन्याभरानं तो खण-नारळ घेऊन आला आणि बयाबाईच्या पाया पडला. मग काय, पंचक्रोशीत झालं, बावड्याची सुईण तोंड बघून रोग सांगते. या नावाची बयाबाईला चव लागली. माणूसच होती ती.

एकोणीसशे एकाहत्तरच्या सुमारास सरकारनं सुईणींसाठी वर्ग काढला. शिकवायला सरोजिनी नावाची नर्सबाई यायची, कोल्हापुरातल्या मास्तराची मुलगी, तिशीची, सायकलवरून फिरणारी. नखं कापा, साबणानं हात धुवा, ब्लेड उकळून घ्या. हे सगळं बयाबाईनं एका झटक्यात उचललं. ती आडमुठी नव्हती. एका धनुर्वाताच्या पोराचं आचके देणं तिनं पाहिलं होतं आणि ते थांबत असेल तर ती ब्लेडच काय, घरदार उकळायला तयार होती. भांडण झालं ते डोळ्यांवरून. सरोजिनीनं एका बाईला पुढं बसवलं, तिची खालची पापणी ओढून दाखवली आणि सांगितलं, रक्त कमी आहे की नाही ते इथं बघायचं.

"डोळं रडून बी लाल हुत्यात, धुरानं बी लाल हुत्यात," बयाबाई म्हणाली. "हिरडी खोटं बोलत न्हाय."

"बयाबाई, तुम्ही हिरडी बघा ना, कोण नको म्हणतंय. पण डोळाही बघा. दोन ठिकाणी बघितलं तर काय बिघडलं?"

त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण वर्गात पंचवीस सुईणी बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या तिला गुरू मानत होत्या, आणि समोर स्वतःला मूल न झालेली एक पोरगी तिला चुकीचं ठरवत होती. "चाळीस वर्सं हिरड्या बघून बाया वाचल्यात आमच्यात," असं म्हणून तिनं धोंडुबाईची वर्षंही आपल्यात मिळवली. सरोजिनीनं वाद वाढवला नाही. वर्ग संपल्यावर अॅल्युमिनियमची पेटी मिळाली, कात्री, दोरा, साबण. त्या पेटीचं बयाबाईला कौतुक होतं. पापणी मात्र तिनं कुणाची ओढली नाही.

पुढच्या वर्षी सयाजीचं लग्न झालं. तो शिरोलीच्या फौंड्रीत साचे करणारा मोल्डर होता. सून बयाबाईच्याच माहेरकडची आणली, शालू. एकोणीस वर्षांची, कष्टाळू आणि भित्री. बोलताना तोंडावर हात ठेवायची. सासूचा तिला धाक होता असं म्हणणं खरं नाही, आदर होता, आणि आदराचं भय धाकापेक्षा जास्त असतं. घरात तिघंच, भांडण नाही, चांगलं चाललं होतं. शालू सगळ्यांच्या मागून जेवायची. उरलं तर जेवायची असं म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यांच्या सुनांच्या ताटात डोकावणाऱ्या बयाबाईला हे कधी दिसलं नाही, कारण शालू जेवायला बसायची तेव्हा बयाबाई दुसऱ्या कुणाच्या तरी सुनेला बघायला गेलेली असायची.

शालूला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात काही पोटात ठरेना, आणि भाकरी चावली की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बयाबाईनं तिला दारात बसवून ओठ वर केला. हिरड्या फुगल्या होत्या, कडांना लाल आणि वर फिकट. फिकट होत्या हे तिनं पाहिलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिनं स्वतःच ते कितीदा तरी सांगितलं. "पैल्या खेपंला हिरड्या फुगत्यातच," असं ती म्हणाली, आणि शेजारणीकडून चिमूटभर मिसरी आणून सुनेच्या तळहातावर ठेवली. "सकाळ-संध्याकाळ लाव. रगात थांबतंय आन् वकाऱ्या बी थांबत्यात."

आणि खरंच थांबलं. आठ दिवसांत रक्त थांबलं, ओकाऱ्या कमी झाल्या. तंबाखू हिरडीच्या शिरा आवळून धरते, भूकही मारते. दुखणं तिथंच राहतं, त्याचा आवाज तेवढा बंद होतो. बयाबाईला हे ठाऊक नव्हतं. तिला दिसत होती ती महिन्या-दोन महिन्यांत गडद, काळसर लाल झालेली हिरडी. रोज शालू अंगण झाडताना तिच्याकडं बघून हसायची आणि बयाबाईला वाटायचं, भरली पोरगी.

धोंडुबाईचं शेपूट तिला आठवत नव्हतं असं नाही. पाचव्या महिन्यात एकदा तिनं शालूला जीभ उलटी करायला लावली. जिभेखाली पांढरंफटक होतं.

"ताक प्यालीस व्हय आत्ता?" बयाबाईनं विचारलं.

"व्हय आत्ती," शालू म्हणाली. प्याली होतीच ती, घोटभर.

"मग बरुबर." आणि तिनं विषय सोडला. ताक जिभेच्या वरून जातं, खाली माखून बसत नाही, हे तिला दुसऱ्याच्या घरात लगेच कळलं असतं.

सातव्या महिन्यात शालूला नळावरून घागर आणताना दोनदा टेकावं लागायला लागलं. ती चुलीच्या कडेची माती खरवडून खाताना सयाजीनं पाहिली. तो म्हणाला, "आये, एकदा गावात दवाखान्यात दाखवून आनू की." बयाबाई म्हणाली, डोहाळे आहेत, पोट वाढलं की दम लागतोच. त्याच आठवड्यात सरोजिनी सायकल भिंतीला लावून घरी आली. रक्ताच्या लाल गोळ्यांची पुडी आणली होती. शालूकडं बघून म्हणाली, "ये गं, डोळा बघू तुझा."

"माझ्या घरात माझ्या सुनंला मी बघती," बयाबाई म्हणाली. "तुमी गोळ्या ठिवा तितं. चा घेता?"

सरोजिनीनं चहा घेतला नाही. पुडी भिंतीतल्या दिवळीत राहिली. गोळ्यांनी पोर मोठं होतं आणि अडतं अशी बायकांत बोलवा होती, आणि बयाबाईला ती बोलवा त्या दिवशी सोयीची वाटली. संध्याकाळी सयाजीनं पुन्हा दवाखान्याचं काढलं तेव्हा ती त्याच्यावर उखडली. "पाच-सहाशे पोरं ह्या हातांवर आल्यात. बयाबाईची सून दवाखान्यात बाळंत झाली म्हटल्यावर माझ्याकडं कोन येनार? लोक काय म्हनतील?" सयाजी आईपुढं कधी बोलला नव्हता. तेव्हाही बोलला नाही. त्याचं तेवढंच चुकलं, आणि ते त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही.

पौषात, ऊसतोड ऐन भरात असताना, शालूच्या पोटात सकाळी कळा सुरू झाल्या. सयाजी कामावर गेला होता. सगळं सुरळीत चाललं होतं. उकळलेलं ब्लेड, धुतलेले हात, पेटीतला दोरा. दुपारी बाराच्या सुमारास मुलगी झाली, रडली, वार पडली. मग रक्त गेलं. फार गेलं नाही. दर बाळंतिणीचं जातं तेवढंच, किंवा त्याहून थोडं जास्त. बयाबाईनं पोट चोळून धरलं, रक्त आटोक्यात आलं, आणि ती मुलीला पुसायला वळली.

"आत्ती, दम लागतोय," शालू म्हणाली. मग तिनं जांभई दिली. मग आणखी एक. बयाबाईनं तिचा हात धरला तर तो विहिरीतल्या दगडासारखा गार होता आणि घामानं ओला होता. रक्त थांबलं होतं आणि पोरगी चालली होती, हे तिच्या हिशेबात बसेना. गुळाचं पाणी द्यायला तिनं शालूचं तोंड उघडलं. जीभ आपोआप एका बाजूला पडली. जिभेखाली खडूसारखं पांढरं होतं, आणि आज शालू ताक प्याली नव्हती.

बयाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल रंगाचा मागमूस नव्हता.

त्यानंतरचं सगळं धावपळीत झालं. शेजारचा एक जण सायकलवर शिरोलीला पिटाळला, रिक्षा आणली, शालूला उचलून कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सयाजी फौंड्रीच्या काळ्या कपड्यांतच तिथं पोचला आणि हात पुढं करून रक्त द्यायला बसला. त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनीही दिलं. दवाखान्यातल्या लोकांनी करायचं ते सगळं भराभरा केलं. बाटली लागली, पण ती पाव भागही रिकामी झाली नव्हती तेव्हा शालू गेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्या रक्तानं बाई मरत नाही. पण हिच्या अंगात मुळात रक्तच नव्हतं. हे आजचं नाही, कित्येक महिन्यांचं आहे. कुणी तपासलं नव्हतं का हिला?"

"तपासलं की," सयाजी म्हणाला. "रोज तपासत हुती. माझी आई."

तो हे कडवटपणानं बोलला नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं. बयाबाई भिंतीला टेकून उभी होती, पदरात नात होती, आणि तिच्या हातांना अजून मिसरीचा वास येत होता. शालूचं तोंड पुसलं होतं तिनं त्या हातांनी.

गावानं तिला दोष दिला नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, लोक म्हणाले. नशिबात नव्हतं, म्हणाले. शालूची आई आली, रडली, आणि बयाबाईच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुमच्या हातात हुती म्हनून आमी घोर केला न्हाय कसला." या वाक्यानं बयाबाई जी खाली बसली ती दिवसभर उठली नाही. तेराव्यानंतर तिनं गल्लीतल्या बायकांना सांगायला सुरुवात केली, माझी चूक झाली, तिची हिरडी फिकी होती, मी बघितली होती, मीच मिसरी दिली. बायका म्हणायच्या, आक्का, जिवाला लावून घेऊ नका. कुणी ऐकून घेईना. शेवटी ती पेटी घेऊन सरोजिनीकडं चालत गेली आणि पेटी तिच्या टेबलावर ठेवली. सरोजिनीनं एक खुर्ची पुढं केली आणि बयाबाई बसली.

बायका तरीही दारात यायच्या. बयाबाई दारातूनच म्हणायची, "नर्सबाईकडं जावा. डोळं दावा तिला." तोंडाकडं बघायची नाही. रस्त्यात कुणी हसलं तरी ती नजर खाली करायची.

सयाजीनं आईला टाकलं नाही, घराबाहेर काढलं नाही, शिवी दिली नाही. बोलणं तेवढं तोडलं. जेवायला वाढलं तर जेवायचा, पाणी दिलं तर प्यायचा. छबीला, म्हणजे नातीला, ताप आला तर आईला न विचारता उचलून दवाखान्यात न्यायचा. आई काही सांगायला लागली की उठून जायचा. तीन वर्षं हे असं चाललं. माणूस चिडला तर कधीतरी निवतो. सयाजी चिडलेलाच नव्हता. त्याचा आईवरचा विश्वास गेला होता, आणि गेलेला विश्वास कुठल्या बाजारात मिळत नाही.

मग नातेवाइकांनी मागं लागून त्याचं दुसरं लग्न लावलं. बना नाव तिचं. गडहिंग्लजकडची, बोलकी, छबीला पोटच्या पोरीसारखं करणारी. तिला दिवस गेले तेव्हा सयाजीनं पहिल्याच महिन्यात बजावलं, "बाळंतपन दवाखान्यात. आईचं काय बी ऐकायचं न्हाय." बनानं मान डोलावली.

पाचव्या महिन्यात एका सकाळी बना मोरीत राखुंडीनं दात घासत होती. बयाबाई छबीची वेणी घालत होती. बनानं चूळ टाकली. पाणी गुलाबी होतं. बयाबाईचे हात वेणीत थांबले. बना छबीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली, आणि चार वर्षांनी बयाबाईनं न ठरवता एका बाईच्या तोंडात पाहिलं. हिरड्या फुगलेल्या, कडांना लाल. वर फिक्या.

"बना, किती दिस झालं रगात येतंय?"

"झालं की पंदरा-ईस दिस. दुखत न्हाय काय."

"आजच्या आज दवाखान्यात जा. रगात तपासून घे."

बना घुटमळली. नवऱ्याची ताकीद तिला आठवत होती. रात्रीच्या जेवणावेळी तिनं ते सयाजीला सांगितलं, आणि बयाबाईनं चुलीपाशी बसून त्याचं उत्तर ऐकलं. चार वर्षांत तो पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलला. "दात बघायचं बंद कर. नाव घातलंय दवाखान्यात, पुढल्या म्हैन्यात बोलावलंय, तवा जाऊ. तुज्या सांगन्यावर मी एक पाऊल टाकनार न्हाय."

बयाबाई हात जोडून विनवू शकत होती, रडू शकत होती, पण आपण जेवढं विनवू तेवढा हा मागं सरणार हे तिला दिसत होतं. सरोजिनीची बदली झाली होती. पुढला महिना म्हणजे अजून पाच आठवडे. हिरडीच्या भाषेत पाच आठवडे किती असतात, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सकाळी सयाजी अंघोळीला बसला तेव्हा तिनं चुलीवर तवा ठेवला आणि शेजारणीकडून आणलेली तंबाखू त्यावर टाकली. धूर घरभर झाला. चार वर्षांत त्या घरात तो वास आला नव्हता. तंबाखू काळी झाली तशी ती मोरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बना, ये हिकडं. मिसरी लाव. आठ दिसांत रगात थांबतंय बघ. दवाखान्यात जायाचं काय काम न्हाय. मी बघती तुला."

सयाजी ओल्या अंगानंच आत आला. त्यानं तव्याकडं पाहिलं, बनाच्या पुढं झालेल्या तळहाताकडं पाहिलं, आणि तवा उचलून अंगणात भिरकावला. त्याचा हात भाजला, त्याला कळलंही नाही. त्यानं सदरा अडकवला, बनाला दंडाला धरलं, फौंड्रीत खाडा सांगायला शेजाऱ्याला पाठवलं आणि तसाच तिला घेऊन रिक्षात बसला.

दोघं दुपारी परत आले. बनाच्या हातात गोळ्या होत्या, आठ-आठ दिवसांनी सुई घ्यायला बोलावलं होतं. तपासणीत रक्त निम्म्याच्या आसपास निघालं होतं. वेळेवर आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बना आत जाऊन आडवी झाली. सयाजी उंबऱ्यात उभा राहिला, हाताला मलमाची पट्टी बांधलेला.

"तुज्या मिसरीच्या नादाला लागलो असतो," तो म्हणाला, "तर हिला बी घालवली असती."

बयाबाई अंगणातली तंबाखू झाडूनं गोळा करत होती. ती वर न बघता म्हणाली, "व्हय बाबा. घालवली असती."

बना सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. सयाजी त्यानंतर भेटेल त्याला सांगायचा, आमच्या म्हातारीला शालू गेल्यावरसुद्धा अक्कल आली नाही, दुसऱ्या सुनेलाही मिसरी चारायला निघाली होती. चौऱ्याऐंशी साली बयाबाई वारली, तोवर त्यानं हे किती जणांना सांगितलं असेल याला गणती नाही. पुष्कळदा ती तिथंच बसलेली असायची, आणि ऐकणारा तिच्याकडं बघायला लागला की ती मान हलवून म्हणायची, खरं बोलतोय त्यो.